अमेरिकन राज्यघटना : या चुका टाळा, निदान दोन तरी

स्पर्धा परीक्षेचा निबंध असो, बी.ए.ची उत्तरपत्रिका असो की वक्तृत्व स्पर्धा. 'अमेरिकन राज्यघटनेचा वैचारिक पाया' हा विषय आला की चुका ठरलेल्या. एकाच्या नोट्सवरून दुसऱ्याने उतरवल्या, दुसऱ्यावरून तिसऱ्याने. सगळ्यांवर सारखा वेळ घालवण्यात अर्थ नाही. पण दोन चुका अशा आहेत की त्या झाल्यावर पुढचे काही धड समजतच नाही.

१७७६ आणि १७८७ यांची खिचडी

'सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत' आणि 'जीवित, स्वातंत्र्य व सुखाचा शोध' ही वचने राज्यघटनेत नाहीत. प्रास्ताविका बघा, कलमे बघा, दुरुस्त्या बघा, सापडणार नाहीत. ती १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातली आहेत. जाहीरनामा म्हणजे इंग्लंडच्या राजाशी नाते तोडताना जगापुढे मांडलेली कैफियत. हक्क जन्मजात आहेत, सरकार ते राखण्यासाठी असते, राखत नसेल तर ते बदलायचा लोकांना अधिकार आहे. यात इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक उघड दिसतो.

अकरा वर्षांनी, १७८७ मध्ये, राज्यघटना लिहायला फिलाडेल्फियात जमलेल्या मंडळींपुढचा पेच निराळा होता. सरकार पाडून झाले होते, आता चालेल असे उभे करायचे होते. तेरा राज्यांना बांधणाऱ्या, १७८१ पासून लागू असलेल्या महासंघाच्या करारात काँग्रेसला, म्हणजे केंद्रीय विधिमंडळाला, कर बसवायचा अधिकारच नव्हता. करारात दुरुस्ती करायची तर तेराही राज्यांचा होकार हवा. आयातकराच्या प्रस्तावाला ऱ्होड आयलंडने नकार दिला आणि तो तिथेच अडला. त्यात १७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या कर्जबाजारी शेतकऱ्यांनी न्यायालये बंद पाडली. डॅनियल शेज आणि त्याचे साथीदार पुढच्या जानेवारीत स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून गेले. राजाची धास्ती जुनी होती, जमावाची ताजी. राज्यघटनेत या दोन्ही धास्ती आहेत आणि लॉक एकटा त्या समजावून देऊ शकत नाही.

एका महाविद्यालयात वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक होतो. मुलगा तयारीचा, आवाज खणखणीत. शेवटाकडे त्याने हात उंचावला आणि म्हणाला, "अमेरिकेच्या राज्यघटनेने १७८७ सालीच समतेची ग्वाही दिली, म्हणूनच जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकन जनतेला अर्पण केला!" टाळ्यांचा कडकडाट. शेजारच्या परीक्षकांनीही मान डोलावली. नंतर त्याला बाजूला घेऊन विचारले, "ग्वाही कुठल्या कलमात आहे रे?" "सर, प्रास्ताविकेत." मोबाइलवर प्रास्ताविका काढून हातात दिली. वाचली, पुन्हा वाचली. मग म्हणाला, "पण सर, क्लासच्या नोट्समध्ये तसंच आहे."

त्याचे गुण गेले याचे मला फारसे वाईट वाटले नाही. हातातला सोन्यासारखा मुद्दा त्याने मातीत घातला, याचे वाटले. जोतीरावांनी १८७३ मध्ये ती अर्पणपत्रिका लिहिली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झिजलेल्या अमेरिकनांसाठी. आणि ही माणसे झगडत होती ती १७८७ च्या तडजोडींशीच. पळालेला गुलाम मालकाला परत करण्याची तरतूद त्याच घटनेत होती. गुलामांच्या आयातीवर १८०८ पर्यंत काँग्रेसने बंदी घालू नये, हेही त्याच घटनेत होते. गुलामगिरी संपवणारी तेरावी दुरुस्ती १८६५ ची. कायद्याचे समान संरक्षण देणारी चौदावी १८६८ ची. राष्ट्राध्यक्ष लिंकनने १८६३ मध्ये गेटिसबर्गच्या भाषणाची 'चार विसा आणि सात वर्षांपूर्वी' अशी सुरुवात केली. १८६३ मधून ८७ वजा करा, १७७६ येते. राष्ट्राचा जन्म सांगताना तो १७८७ ओलांडून मागे गेला, आणि ते उगाच नव्हे.

माझी सवय सांगतो. कुठलेही वचन लिहिले की समासात पेन्सिलने त्याचे साल टाकायचे. साल आठवत नसेल तर वचन खोडायचे. पद्धत गावठी आहे, पण बिनचूक चालते.

याच ओघात 'तीन-पंचमांश'. 'गुलामाला तीन-पंचमांश माणूस मानले' एवढे लिहून लोक हळहळतात आणि पुढे जातात. हा हिशेब प्रतिनिधीगृहातल्या जागांचा होता: लोकसंख्या मोजताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे. गुलामांची गणना पूर्ण व्हावी ही मागणी मालकांच्या राज्यांची होती. जागा वाढणार होत्या आणि मत मालकच देणार होते. अजिबात मोजू नका, म्हणणारे उत्तरेकडचे. हळहळण्याआधी कोणाला काय हवे होते ते बघा.

सत्ताविभाजन म्हणजे तीन कुलूपबंद खोल्या

'फ्रेंच विचारवंत माँटेस्क्यूने १७४८ मध्ये सत्ताविभाजनाचा सिद्धांत मांडला, अमेरिकेने तो जसाच्या तसा स्वीकारला.' हे वाक्य इतक्यांदा वाचले आहे की आता पुढची ओळही मला पाठ आहे: 'त्यामुळे विधिमंडळ, कार्यकारी मंडळ आणि न्यायसंस्था या तिन्ही शाखा एकमेकींच्या कामात हस्तक्षेप करीत नाहीत.'

करतात की! राष्ट्राध्यक्ष विधेयकावर नकाराधिकार वापरतो, म्हणजे कायदा करण्यात त्याचा हात आहे. दोन्ही सभागृहे दोन-तृतीयांश मतांनी तो नकार मोडू शकतात. तह करायचा तर सिनेटचे दोन-तृतीयांश लागतात. महाभियोग प्रतिनिधीगृहाने आणायचा, चालवायचा सिनेटने. आरोपी राष्ट्राध्यक्ष असेल तर अध्यक्षस्थानी सरन्यायाधीश. उपराष्ट्राध्यक्ष तर सिनेटचाच पीठासीन.

शाखांची सरमिसळ झाली आहे, हा आक्षेप त्या काळीही आला होता. राज्यघटनेच्या बाजूने लिहिलेल्या 'फेडरलिस्ट' लेखमालेच्या ४७ व्या लेखात, घटनेचा एक प्रमुख शिल्पकार मॅडिसन याने त्याला उत्तर दिले. माँटेस्क्यूने ज्या इंग्लंडचा आदर्श मानला तिथे राजा स्वतःच विधिमंडळाचा भाग होता, याकडे त्याने बोट दाखवले. एका शाखेची सगळी सत्ता दुसरीच्या हाती गेली तर स्वातंत्र्य संपते. थोडी सरमिसळ चालते. ५१ व्या लेखात तो पुढे जातो: कागदावरच्या भिंती टिकत नाहीत, म्हणून प्रत्येक शाखेला दुसरीला अडवण्याची साधने द्या आणि एकाची महत्त्वाकांक्षा दुसऱ्याच्या महत्त्वाकांक्षेला भिडवा. माणसे देवदूत असती तर सरकार लागलेच नसते, हे प्रसिद्ध वाक्य तिथलेच.

तक्ता पाठ करणाऱ्यांना हे जमत नाही, कारण तीन रकान्यांच्या तक्त्यात नकाराधिकाराला जागा नसते. मी तक्ता काढूच देत नाही. एक विधेयक घ्या, ते कोणाकोणाच्या हातून जाते ते लिहा, आणि कोण कुठे अडवू शकतो तिथे खूण करा.

बाकीच्या चुका झटपट. जाहीरनामा लिहिणारा जेफरसन राज्यघटनेचा शिल्पकार नव्हे. १७८७ मध्ये तो पॅरिसला होता आणि जॉन अॅडम्स लंडनला. हक्कांची सनद, म्हणजे पहिल्या दहा दुरुस्त्या, मूळ मसुद्यात नव्हती, ती १७९१ ची. फिलाडेल्फियातला एक प्रतिनिधी जॉर्ज मेसन याने मसुद्यावर सही नाकारली त्याचे एक मोठे कारण तेच. त्या सनदेची बंधने फक्त केंद्र सरकारवर आहेत, असे १८३३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले होते. राज्ये तिच्या कक्षेत आली ती चौदाव्या दुरुस्तीच्या आधारे, टप्प्याटप्प्याने. न्यायालयीन पुनर्विलोकनाचे, म्हणजे कायदा घटनाबाह्य ठरवण्याच्या अधिकाराचे, कलम शोधू नका, तो अधिकार १८०३ च्या मार्बरी खटल्यात न्यायालयाने सांगितला. सिनेटर १९१३ पर्यंत राज्यांची विधिमंडळे निवडत.

आणि कृपा करून दहा मिनिटांच्या व्हिडिओवर निबंध लिहू नका. मूळ राज्यघटना जेमतेम साडेचार हजार शब्दांची आहे, एका दुपारी वाचून होते. फेडरलिस्टचे ८५ लेख वाचायचा धीर नसेल तर १०, ४७, ५१ आणि ७८ वाचा. मात्र ७८ च्या आधी 'ब्रूटस' या टोपणनावाच्या, राज्यघटनेच्या विरोधकाचे न्यायसंस्थेवरचे लेख वाचा. हे न्यायालय सगळ्यांच्या वर जाऊन बसेल, असा त्याचा आरोप होता, आणि त्या लेखाचा कर्ता हॅमिल्टन ७८ मध्ये घाम गाळतो तो त्यालाच उत्तर देताना.