ज्ञानेश्वरीची नवी प्रत घेताना कोणती पानं उघडून बघायची

आषाढी जवळ आली किंवा गावात सप्ताह ठरला की पुस्तकांच्या दुकानात ज्ञानेश्वरीचे गठ्ठे येऊन पडतात. वरून सगळ्या सारख्याच दिसतात. आतला पाठ नीट तपासलेला आहे की कुठून तरी उचलून घाईने छापलाय, हे मुखपृष्ठावरून कळत नाही आणि किमतीवरूनही नाही. त्यासाठी ठरावीक पानं उघडायची. दहा मिनिटं पुरतात, आणि पुढे वर्षानुवर्षं जे रोज वाचायचं त्यासाठी तेवढी द्यावीतच.

आधी प्रत कशासाठी हवी ते पक्कं करा. पारायणाला फक्त मूळ ओव्या असलेली, मोठ्या टायपाची प्रत लागते. सार्थ प्रत घेऊन पारायणाला बसलं की प्रत्येक ओवीनंतर नजर अर्थावर घसरते, पानं दुप्पट उलटावी लागतात आणि लय तुटते. घरी सावकाश समजून घ्यायचं असेल तर ओवीखाली ओवीचा अर्थ असलेली सार्थ प्रत घ्या. ‘सुलभ’ किंवा ‘सोप्या मराठीत’ असं लिहिलेल्या पुस्तकांत बऱ्याचदा मूळ ओव्याच नसतात, नुसता गद्य सारांश असतो. ते पुस्तक वाईट असेलच असं नाही, पण त्याला ज्ञानेश्वरी म्हणून घेऊ नका.

पहिलं पान बघायचं ते शीर्षकाच्या मागचं, आणि त्यानंतर संपादकाची प्रस्तावना. तिथे एकच गोष्ट शोधायची: हा पाठ कोणत्या प्रतीवरून घेतला? ज्ञानेश्वरी शके १२१२, म्हणजे इ.स. १२९० मधली. हातानं नकला होत होत पाठ बिघडले, म्हणून एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली तो शुद्ध केला. आज वारकऱ्यांच्या हातात असतात त्या बहुतेक प्रती या परंपरेतल्या. छापील ज्ञानेश्वरी सुरू झाली १८४५ मध्ये, बाळशास्त्री जांभेकरांच्या शिळाप्रेसवरच्या प्रतीपासून. पुढे वि. का. राजवाड्यांनी १९०९ मध्ये एकनाथांच्या आधीची म्हणून एक वेगळी संहिता छापली. तिच्यातली रूपं जास्त जुनी दिसतात. दोन्ही वाटा अभ्यासण्याजोग्या आहेत. पण संपादकाने आपली वाट सांगितलीच नसेल, तर त्याने बाजारातलीच एखादी प्रत टाइप करून घेतली असण्याची शक्यता मोठी.

आता सहावा अध्याय उघडा, चौदावी ओवी. चांगल्या प्रतीत ती अशी असते:

माझा मराठाचि बोलु कौतुकें । परि अमृतातेंही पैजां जिंके ।
ऐसीं अक्षरें रसिकें । मेळवीन ॥

इथे ‘माझ्या मराठीची बोलू कौतुके’ असं छापलेलं दिसलं, तर पुस्तक खाली ठेवा. फलकांवर आणि शुभेच्छापत्रांवर फिरणारं ते रूप आहे, आणि ते ग्रंथात शिरलं याचा अर्थ मुद्रितशोधन करणाऱ्याने मूळ समोर घेतलेलंच नाही. ‘बोलु’ हे क्रियापद नाही. ते पुल्लिंगी नाम आहे, बोल म्हणजे शब्द; शेवटचा उकार जुन्या मराठीत पुल्लिंगी एकवचनाला लागतो. ‘मराठाचि’ म्हणजे मराठाच, त्या ‘बोला’चं विशेषण. माझा बोल मराठीच खरा, पण तो अमृतालाही पैजेवर जिंकेल, अशी रसाळ अक्षरं मी जुळवीन. ‘बोलू’ दीर्घ केला की वाक्यातला कर्ताच नाहीसा होतो. सार्थ प्रत असेल तर खालचा अर्थही वाचा; ‘चला मराठीत बोलूया’ या वळणाचा अर्थ दिसला तर पुढचे १२ अध्याय त्याच्यावर सोपवण्यात अर्थ नाही.

याच ओवीत यमकाची परीक्षाही होते. कौतुकें, जिंके, रसिकें असे तीन चरण जुळतात, आणि चौथा, ‘मेळवीन’, आखूड आणि मोकळा. ज्ञानेश्वरीची ओवी सर्रास अशीच चालते. कुठलंही पान उघडून पाच ओव्या मोठ्याने वाचा. पहिल्या तीन चरणांत एखादा शेवट अडखळला तर बहुतेक वेळा तिथे अक्षर चुकलेलं असतं.

अनुस्वारांकडे विशेष लक्ष द्या, कारण नव्या प्रतींत सगळ्यात जास्त मार त्यांनाच बसतो. ‘आतां विश्वात्मकें देवें’ यातला ‘देवें’ वरचा अनुस्वार ‘देवाने’ हा अर्थ धरून ठेवतो. तो गेला की विभक्ती गेली. काही प्रकाशक आजचे शुद्धलेखनाचे नियम लावून हे अनुस्वार जाणूनबुजून काढतात. वाचायला सोपं वाटतं खरं, पण अर्थ लावताना आधार सुटतो. दुसरं कारण यांत्रिक आहे: जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलताना रफार, ऱ्हस्व इकार आणि अनुस्वार शेजारच्या अक्षरावर सरकतात. एका पानावर अशा दोन-तीन चुका दिसल्या तर त्या पुस्तकभर असणार, कारण त्या माणसाच्या नजरचुकीच्या नसतात.

सार्थ प्रतीसाठी आणखी एक जागा: बाराव्या अध्यायाची सुरुवात.

जय जय वो शुद्धे । उदारे प्रसिद्धे ।
अनवरत आनंदे । वर्षतिये ॥

ही स्त्रीलिंगी हाक कुणाला? उत्तर लगेच पुढच्या ओवीत आहे, ‘गुरुकृपादृष्टी’. अर्थ लिहिणाऱ्याने इथे शारदा किंवा एखादी देवी आणली असेल, तर तो ओव्या सुट्या-सुट्या वाचतोय, पुढची ओवी बघून अर्थ लावत नाही.

मग थेट अठराव्या अध्यायाच्या शेवटी या. पसायदानाच्या ९ ओव्या मोजा. ‘भूतां परस्परें पडो’ छापलंय की ‘जडो’ ते बघा. गायला ‘जडो’ रुळलंय, ग्रंथाच्या प्रतींत बहुधा ‘पडो’ येतो. काळजीने काम करणारा संपादक इथे टीप देतो. ‘विश्व स्वधर्मसूर्यें पाहो’ मधला ‘पाहो’ म्हणजे नुसतं बघो, की पहाट होते तसं उजाडो, यावरही एक ओळ असावी. ‘व्यंकटी’ म्हणजे वाकडेपणा, हे तर असायलाच हवं. त्यानंतर ‘शके बाराशतें बारोत्तरें’ ही समाप्तीची ओवी. तिच्यापुढे ‘श्रीशके पंधराशें साहोत्तरीं’ या एकनाथांच्या ओव्या असतील तर प्रत कोणत्या परंपरेतली ते तिथेच कळलं. त्या वेगळ्या क्रमांकाने छापलेल्या हव्यात, ज्ञानेश्वरांच्या ओव्यांत मिसळलेल्या नकोत. ज्ञानेश्वरीत आपली ओवी घालणारा अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवतो, असं नाथांनीच तिथे बजावून ठेवलंय.

आता बांधणी. प्रत टेबलावर मध्यावर उघडून हात काढून घ्या. पानं आपोआप मिटली किंवा कण्यात कडकड आवाज आला, तर ती नुसती डिंकाने चिकटवलेली आहे. रोजच्या वाचनात वर्षभरात मधली पानं सुटतात. शिवलेली बांधणी वरून, कण्याच्या टोकाकडून बघितली की ओळखू येते: पानांच्या जुड्या वेगवेगळ्या दिसतात आणि जुडीच्या मध्यात दोरा दिसतो. या जुड्या, म्हणजे फर्मे, सहसा १६ पानी असतात. बांधताना एखादा फर्मा दोनदा लागतो, गाळला जातो किंवा उलटा बसतो, म्हणून पृष्ठक्रमांक १६-१७, ३२-३३, ४८-४९ असे सांधे भराभर चाळा. घरी गेल्यावर सापडलेला हा दोष दुकानदार बदलून देतोच असं नाही. एक पान उजेडासमोर धरा. मागची अक्षरं ठळक दिसत असतील तर रात्रीच्या दिव्यात वाचताना डोळे शिणतील.

ऑनलाइन मागवत असाल तर विक्रेत्याकडे तीनच फोटो मागा: शीर्षकामागचं पान, सहाव्या अध्यायातलं १४ व्या ओवीचं पान आणि शेवटचं पान.

तुकोबांचा गाथा घेताना अडचण निराळी असते, क्रमांकांची. १९५० च्या शासकीय गाथ्यात ४६०७ अभंग आहेत, इतर प्रतींत संख्या आणि क्रम दोन्ही वेगळे. म्हणून चरणांची अकारविल्हे सूची नसलेला गाथा घेऊ नका, आणि अभंग टिपून ठेवताना क्रमांकाबरोबर पहिला चरण लिहा. विष्णुबुवा जोग १९२० मध्ये निवर्तले, त्यामुळे त्यांचा सार्थ गाथा आज कुणीही छापू शकतो. नवं नाव आणि नवं मुखपृष्ठ असलेल्या पुस्तकात आत जोगांचाच अर्थ आहे का, हे प्रस्तावनेत बघा. संतांवरच्या नव्या पुस्तकांनाही हीच कसोटी लावा: लेखक ओवी देताना अध्याय आणि क्रमांक देतो का, आणि कोणत्या प्रतीतून ते सांगतो का.

सप्ताहासाठी घेत असाल तर सगळ्यांना एकाच प्रकाशनाची, एकाच आवृत्तीची प्रत घ्या. सांप्रदायिक प्रतींत ओव्या सुमारे ९०३३ भरतात, पण अध्यायागणिक एखाद-दुसऱ्या ओवीचा फरक पडतो, आणि पन्नास जण एका सुरात वाचत असताना तेवढ्यानेही निम्मे मागे राहतात. ७ दिवसांत वाटले तर रोज १२९० च्या आसपास ओव्या येतात. मिनिटाला ७ धरल्या तर तीन तासांची बैठक. एकट्या अठराव्या अध्यायातच सुमारे १८१० ओव्या आहेत. तो अखंड शेवटच्या दिवसावर ठेवला तर चार तासांच्याही वर जातं, म्हणून सहाव्या दिवशीच त्यातल्या पाचशे-सहाशे वाचून घ्या आणि थांबायच्या ओवीशी सगळ्यांच्या प्रतीत पेन्सिलीने खूण करून ठेवा.