निगेटिव्ह स्कॅन करताय? आधी धूळ बघा
घरचे जुने निगेटिव्ह स्कॅन करायचे असतील तर साधा कागदपत्रांचा स्कॅनर चालत नाही हां, झाकणात लाइट असलेला लागतो. आणि खरी डोकेदुखी म्हणजे धूळ! मी पहिल्यांदा शर्टानेच पुसलं आणि आईच्या हळदीच्या फोटोवर आडवी रेघ बसली ती कायमचीच. त्यामुळे पट्टी कडेने धरायची, रबरी ब्लोअरने हवा मारायची, तोंडाने फुंकर नको, थुंकी उडते. ३५ एमएमला (म्हणजे नेहमीच्या कॅमेऱ्यातली फिल्म) २४०० डीपीआय, म्हणजे इंचाला २४०० ठिपके, ठेवा, साधारण ३४०० बाय २२७० पिक्सेल मिळतात, पोस्टकार्ड साइजच्या प्रिंटला भरपूर झालं. ब्लॅक अँड व्हाइटला मात्र स्कॅनरमधला तो इन्फ्रारेडवाला (न दिसणाऱ्या प्रकाशाने धूळ ओळखणारा) धूळ काढायचा ऑप्शन बंदच ठेवा, फिल्ममधली चांदी त्याला धूळच वाटते आणि मग चेहऱ्यांची पार वाट लागते.