खासदारांकडे जाताना एकच मागणी न्या

कोठडीतल्या छळाविरुद्ध स्वतंत्र कायदा व्हावा म्हणून आम्ही काही स्वयंसेवक खासदारांच्या भेटी घेतो. पहिल्या भेटीला मी चार पानी निवेदन घेऊन गेले होते. सकाळची वेळ. संपर्क कार्यालयात बदली, दाखला, उपचारासाठी मदत अशा अर्जांची रांग लागलेली. साहेबांनी पहिलं पान चाळलं. "पोलीस हा राज्याचा विषय आहे हो ताई, संसद यात काय करणार?" एवढं म्हणून त्यांनी कागद पीएंकडे दिला. मला उत्तर सुचलं नाही.

उत्तर होतं. संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर भारताने १४ ऑक्टोबर १९९७ रोजी सही केली, अनुसमर्थन मात्र, म्हणजे करार बंधनकारक म्हणून औपचारिकपणे स्वीकारणं, अजून केलेलं नाही. आंतरराष्ट्रीय कराराच्या अंमलबजावणीसाठी, विषय राज्यसूचीतला असला तरी, संसदेला कायदा करता येतो. राज्यघटनेचं कलम २५३ तेच सांगतं. लोकसभेने २०१० मध्ये छळविरोधी विधेयक मंजूरही केलं होतं. राज्यसभेने ते प्रवर समितीकडे, म्हणजे विधेयक तपासणाऱ्या खासदारांच्या समितीकडे, पाठवलं आणि २०१४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली तेव्हा ते बारगळलं. विधी आयोगाने २०१७ मध्ये २७३व्या अहवालात नवा मसुदा दिला. नव्याने येणाऱ्यांनी एवढं तरी तोंडपाठ करावं, कारण हा आक्षेप जवळजवळ प्रत्येक दारात येतो. पुढे दुसऱ्या एका खासदारांनी तोच मुद्दा काढला, तेव्हा मी एका दमात हे सांगितलं. त्यांनी पीएंना कलमाचा क्रमांक लिहून घ्यायला लावला.

आता मागणीचं. "मानवी हक्कांसाठी आवाज उठवा" असं सांगून काहीच हलत नाही. "येत्या अधिवेशनात एवढा प्रश्न विचारा" असं सांगा आणि प्रश्न तयार करूनच न्या: कराराच्या अनुसमर्थनाबाबत सरकारची भूमिका काय, २७३व्या अहवालावर काय कार्यवाही झाली? लोकसभेत प्रश्न साधारण १५० शब्दांत बसवावा लागतो आणि त्याची सूचना पंधरा दिवस आधी जावी लागते, म्हणून अधिवेशनाच्या तारखा जाहीर होताच भेट मागा. तारांकित प्रश्नाला सभागृहात तोंडी उत्तर मिळतं, पण त्याचा नंबर लागायला हवा. मला अतारांकित जास्त उपयोगी वाटतो. उत्तर लेखी येतं, आणि तोच कागद घेऊन पुढच्या खासदारांकडे जाता येतं.

पीएंना नीट भेटा, विषय त्यांनाही समजावून सांगा. निवेदनाच्या प्रतीवर आवक क्रमांक घ्या. फोटो काढून झाला की खरा पाठपुरावा सुरू होतो, आठवड्याने फोन करायचाच.

एक चूक मात्र मला अजून सलते. कोठडीत मुलगा गमावलेल्या एका आईला आम्ही सोबत नेलं होतं. त्या गप्प बसून होत्या आणि त्यांच्या मुलाची हकीकत आम्हीच सांगत राहिलो. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "माझं मला सांगायचं होतं." तेव्हापासून आदल्या दिवशी घरी जाऊन विचारतो: यायचं आहे का, काय सांगायचं, काय नाही. नको म्हणाल्या तर नाही नेत. पुढच्या भेटीला त्या स्वतःहून आल्या. मुलाचं नाव, वय, शेवटचा फोन, एवढंच बोलल्या. मागणीचा कागदही त्यांनीच साहेबांच्या हातात दिला.