सलग लोड, ब्रेकर आणि वायर: तीन हिशेब वेगळे ठेवा

अमेरिकेतल्या ऑफिसांची, दुकानांची इलेक्ट्रिकल ड्रॉइंग करणं हे माझं रोजचं काम. नवीन माणसाचं पॅनेल शेड्यूल, म्हणजे कोणत्या ब्रेकरवर किती लोड आहे त्याचा तक्ता, हातात आलं की मी आधी विचारतो, यातला कोणता लोड सलग चालतो? तिथला वीजजोडणीचा नियमसंग्रह (कोड), म्हणजे एनईसी, ३ तास किंवा त्याहून जास्त वेळ पूर्ण करंट वाहणं अपेक्षित असेल तर त्याला सलग लोड म्हणतो. दुकानातले दिवे, पाट्या, गाड्यांचे चार्जर हे सगळे त्यात आले.

ब्रेकरचा हिशेब सरळ आहे. सलग लोडचे १२५ टक्के घ्यायचे, उरलेला लोड आहे तसा मिळवायचा. १२ अँपिअर सलग आणि ४ अँपिअर अधूनमधून असेल, तर १५ आणि ४ मिळून १९. २० चा ब्रेकर चालेल. सगळाच लोड सलग असेल तर त्याच ब्रेकरवर १६ अँपिअरच घालता येतात. २७७ व्होल्टच्या दिव्यांसाठी हे ४४३२ व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर) होतात. मी एवढं काठोकाठ कधीच भरत नाही, कारण पुढे कुणीतरी दोन दिवे वाढवतंच.

हे २५ टक्के कशासाठी, ते समजून घ्या, म्हणजे पुढचा घोळ होत नाही. ब्रेकर बंद पॅनेलमध्ये शेजाऱ्यांना चिकटून बसलेला असतो. तासन्तास करंट वाहिला की आत उष्णता साठते आणि उष्णतेवर चालणारा साधा थर्मल ब्रेकर वेळेआधीच पडू (ट्रिप होऊ) शकतो. टर्मिनलची, म्हणजे वायर जोडायच्या जागेची, थोडी उष्णता वायरही ओढून नेते, म्हणून तीही जाड लागते. म्हणजे १२५ टक्के हा जोडणीचा प्रश्न आहे. पाईपमध्ये दाटीने भरलेल्या वायरी तापतात, तो प्रश्न वेगळा. हे दोन्ही एकमेकांवर चढवू नका. वेगवेगळे तपासा आणि जी वायर जाड येईल ती घ्या.

मी स्वतः चुकलो होतो ते चार्जरमध्ये. प्रत्येकी ४० अँपिअरचे तीन चार्जर, २०८ व्होल्ट, न्यूट्रल नाही, तिन्ही सर्किटं एकाच पाईपमधून. ४० चे १२५ टक्के ५०, म्हणून ब्रेकर ५० चा. टर्मिनल ७५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठीचे होते. कोडच्या वायर तक्त्यात त्या तापमानाच्या रकान्यात ८ एडब्ल्यूजी (अमेरिकी वायर माप; आकडा लहान तशी वायर जाड) तांब्याची वायर बरोबर ५० अँपिअर देते. पहिला हिशेब जमला. पाईपमध्ये करंट वाहणाऱ्या सहा वायरी, म्हणून वायरची क्षमता ८० टक्केच धरायची. वायर ९० अंशांची असेल तर ही कपात ९० अंशांच्या रकान्यातून करता येते: ५५ चे ४४. लोड ४०. दुसराही जमला, आणि मी ८ एडब्ल्यूजी लिहून मोकळा झालो.

तपासणाऱ्याने शीट परत पाठवलं. तिसरा हिशेब राहिला होता: ब्रेकरने त्या वायरचं रक्षण करायला हवं. ४४ अँपिअरच्या वायरला पुढचा प्रमाणित ब्रेकर घेता येतो, पण तो ४५ चा. ५० चा नाही. ६ एडब्ल्यूजी घेतली की ९० अंशांच्या रकान्यातल्या ७५ अँपिअरचे ८० टक्के ६० होतात आणि सगळं बसतं. तेव्हापासून कपातीनंतरचा आकडा ब्रेकरशेजारी लिहिल्याशिवाय मी शीट पुढे सरकवत नाही.

टर्मिनलवर ७५ अंशांचा उल्लेख नसेल, तर १०० अँपिअरपर्यंतच्या सर्किटला ६० अंशांचा रकाना धरा. तिथे ८ एडब्ल्यूजी ४० वरच थांबते, म्हणजे पहिल्याच हिशेबात बाद. छोट्या वायरींना आणखी एक मर्यादा आहे: तक्त्यात काहीही असो, १२ एडब्ल्यूजी तांब्याला साधारणपणे २० आणि १० ला ३० पेक्षा मोठा ब्रेकर लावायचा नाही.

अंतर शेवटी बघा. सर्किटवर ३ टक्क्यांच्या आत व्होल्टेज ड्रॉप (वायरच्या लांबीत होणारी व्होल्टेजची घट) ठेवणं ही कोडची शिफारस आहे, सक्ती नाही. मी मात्र पाळतो. वरच्या चार्जरला ६ एडब्ल्यूजीवर साधारण १६० फुटांपर्यंत ते जमतं. पार्किंगचं टोक त्याहून लांब असेल तर वायर आणखी एक पायरी जाड करा.