लाल भोपळ्याच्या ओट्स कुकीज: आधी भोपळा पुरणासारखा आटवा

भोपळ्याच्या कुकीज मऊ पडतात, डब्यात चिकटतात, मधे कच्च्या राहतात, ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की आता पहिला प्रश्न एकच विचारते: भोपळा आटवला होता का? उत्तर बहुतेक वेळा 'नाही, उकडून मिक्सरमधून काढला' असंच येतं. मग कुणीतरी सांगितलेलं असतं, पीठ वाढव. कुणी म्हणतं, ओट्स पाणी शोषून घेतात, काळजी नको. हे दोन्ही सल्ले मी करून पाहिले आहेत आणि दोन्ही चुकीचे आहेत. पीठ वाढवलं की कुकीचा पाव होतो. आणि ओट्स पाणी शोषतात हे खरं, पण शोषून ते पेजेसारखे बुळबुळीत होतात, कुकीत दाताखाली लागायचे ते राहत नाहीत.

एकदा ऑफिसातल्या निरोप समारंभासाठी मी साठ कुकीज केल्या होत्या. सकाळी डबा भरला तेव्हा सुंदर दिसत होत्या. दुपारी उघडला तर सगळ्यांची मिळून एकच लादी झालेली, वर ओलसर चकाकी. त्यानंतर मी भोपळ्याकडे नीट लक्ष द्यायला लागले.

साहित्य (साधारण 20 कुकीज)

साल-बिया काढलेला लाल भोपळा (काही भागांत ज्याला डांगर म्हणतात तो) 400 ग्रॅम, बटर 100 ग्रॅम, किसलेला किंवा पावडर गूळ 120 ग्रॅम, रोल्ड ओट्स 150 ग्रॅम, कणीक 100 ग्रॅम, खायचा सोडा अर्धा चमचा, दालचिनी पूड एक चमचा, सुंठ अर्धा चमचा, थोडं जायफळ, मूठभर अक्रोड किंवा बेदाणे. बटर खारं असेल तर मीठ घालू नका. अंडं लागत नाही, आटवलेला भोपळाच मिश्रण बांधून ठेवतो. मसाला ओट्स तर चुकूनही नकोत. झटपट शिजणारे बारीक ओट्स चालतात, पण कुकी भुसभुशीत होते.

भोपळा

कच्च्या भोपळ्यात 100 ग्रॅममागे 90 ग्रॅमहून जास्त पाणी असतं. घारग्यांत हे पाणी त्रास देत नाही, कारण तिथे आपण भोपळा गुळात शिजवतो आणि त्यात मावेल तेवढी कणीक घालत जातो. कुकीत कणकेचं माप ठरलेलं आहे. पाणी जास्त झालं तर ते ओव्हनमध्ये वाफ होऊन कुकी फुगवतं, आणि उरलेलं पाणी डब्यात गेल्यावर बाहेर येतं.

म्हणून फोडी कुकरच्या भांड्यात उकडू नका. तिथे वाफेचं पाणी भांड्यातच साठतं आणि भोपळा त्यात बसून राहतो. मोदकपात्राच्या चाळणीवर ठेवा, म्हणजे सुटलेलं पाणी खाली गळून जातं. झाकणाला फडकं बांधा. 12 ते 15 मिनिटांत सुरी आरपार जाते. मग फोडी ताटात पसरून वाफ जाऊ द्या. गरम फोडी झाकून ठेवल्या तर गेलेलं पाणी परत येतं.

आता पुरणयंत्रातून काढा. मिक्सर मला इथे आवडत नाही, कारण तो फिरावा म्हणून हात आपोआप पाण्याकडे जातो.

हा गर जाड बुडाच्या रुंद कढईत, तूप-तेल काहीही न घालता, मध्यम आचेवर आटवा. सुरुवातीला तो रटरट उडतो, तेव्हा लांब दांड्याचं उलथनं घ्या. मनगटावर उडालेला भोपळा फार वाईट भाजतो. सात-आठ मिनिटांनी उडणं थांबतं, वाफ विरळ होते, पिवळा रंग गडद केशरी होतो आणि भाजलेल्या रताळ्यासारखा वास यायला लागतो. इथेच बहुतेक जण गॅस बंद करतात. करू नका. अजून पाच-सहा मिनिटं लागतात आणि ती सगळ्यात महत्त्वाची असतात. आता आच मंद करा आणि हात थांबवू नका, नाहीतर बुडाला लागेल. कडा सुटून गोळा व्हायला लागला की पुरणाची परीक्षा करा: उलथनं मधोमध उभं करून सोडा. उभं राहिलं तर झालं, कललं तर आणखी परता.

वजनकाटा असेल तर त्यावरच विश्वास ठेवा. 400 ग्रॅम भोपळ्याचा गर आटून 150 ते 160 ग्रॅमवर आला पाहिजे. 200 भरला तर पुन्हा कढईत टाका. हे वाचून कंटाळा येतो हे मला माहीत आहे, पण या पंधरा मिनिटांना दुसरा पर्याय नाही.

परदेशात राहणाऱ्यांना डबाबंद भोपळा मिळतो. तोही पाणीदारच असतो, त्यामुळे 250 ग्रॅम घेऊन तसाच 150 पर्यंत आटवा. डब्यावर 'पाय मिक्स' लिहिलेलं असेल तर घेऊ नका, त्यात साखर आणि मसाले आधीच घातलेले असतात.

गर पूर्ण गार होऊ द्या. कोमट गराने बटर वितळतं.

पुढचं सोपं आहे

मऊ बटर आणि गूळ फेसा, गर मिसळा, मग कोरडं साहित्य घालून हाताने एकत्र करा. मळू नका. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. ओव्हन दोन्ही रॉड लावून 180 अंशांवर तापवा.

लिंबाएवढे गोळे बेकिंग पेपरवर ठेवा आणि तळहाताने एक सेंटिमीटर जाडीचे चपटे करा. या कुकीज स्वतःहून पसरत नाहीत. गोळा तसाच ठेवला तर वरून भाजलेला आणि आत ओला राहतो. मधल्या खणात 15 ते 17 मिनिटं भाजा. वरचा रंग पाहून फसू नका, भोपळा आधीपासून केशरीच असतो. एक कुकी उचलून खालची बाजू बघा. ती पेपरपासून अलगद सुटून तपकिरी दिसली पाहिजे. दहा मिनिटं ट्रेमध्येच राहू द्या, मग जाळीवर काढा.

डब्यात पूर्ण गार झाल्यावरच भरा आणि दोन थरांमध्ये बटर पेपर घाला. कोरड्या हवेत तीन दिवस बाहेर टिकतात. पावसाळ्यात पहिल्याच दिवशी फ्रिजमध्ये ठेवा आणि खायच्या आधी 150 अंशांवर पाच मिनिटं गरम करा, कडा पुन्हा कुरकुरीत होतात.