सुवार्ता सांगताना किती समजावून सांगायचं?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या गावांत सुवार्ता, म्हणजे येशूची शुभवार्ता, सांगायला निघणारी नवी मुलं-मुली हमखास विचारतात, "ताई, सुरुवात उत्पत्तीपासून करायची की थेट क्रुसापासून?" उत्पत्ती म्हणजे बायबलचं पहिलं पुस्तक. समोरच्याच्या मनात देव म्हणजे कोण आहे, त्यावर ते ठरतं. फक्त क्रूस आणि पुनरुत्थान कुठेही गाळायचं नाही.

गाभा प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पत्रातून मोजक्या शब्दांत दिला आहे: ख्रिस्त आपल्या पापांसाठी मरण पावला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला आणि पुष्कळांना दिसला. दोन मिनिटांत सांगून होतं. पण पिसिदियातल्या अंत्युखिया शहरात, यहुद्यांच्या सभास्थानात, तोच पौल मिसरातली सुटका, दावीद राजा असं करत येशूपर्यंत येतो. लुस्त्र शहरात लोक त्याला आणि त्याचा सोबती बर्णबा याला देव समजून बैल बळी द्यायला निघतात, तिथे तो पाऊस आणि पिकांचे हंगाम देणाऱ्या जिवंत देवापासून बोलायला लागतो.

आपल्याला बहुतेक वेळा लुस्त्रच भेटतं. इथे नाही म्हणणारे कमी, अडचण होते ती पटकन मिळणाऱ्या होकाराची. खानापूर तालुक्यातल्या एका गावात भाताची मळणी उरकून बसलेले एक माळकरी मामा माझं सगळं ऐकून म्हणाले, "त्यो बी देवच की, बाई. फोटू असला तर द्या, देव्हाऱ्यात ठेवतो." मनाने फार मोठा माणूस. पण येशू कोण, हे अजून त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. मी विचारलं, "मामा, येशू मेला कसा, ते ऐकलाय काय?" नव्हतं ऐकलं. मग खिळे, थट्टा करणारे शिपाई, दोन बाजूंना टांगलेले दोन चोर, सगळं सावकाश सांगितलं. मामा म्हणाले, "खरं देव असून सुटला का नाही त्यो?"

असा प्रश्न आला की बाकी सगळं बाजूला ठेवा आणि त्याचंच उत्तर द्या. मी सांगितलं, त्याला सुटता आलं असतं. तो थांबला तुमच्या-माझ्या पापांपायी, आणि देवाने त्याला मेलेल्यांतून उठवलं, म्हणून त्याला इतरांच्या रांगेत बसवता येत नाही. मामांना ते पटलं नाही, तसं ते बोललेही. तरी मला तो नकार आधीच्या होकारापेक्षा मोलाचा वाटला, कारण आता ते नेमकं कशाला नाही म्हणतायत हे त्यांना कळत होतं. त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव), शेवटचा काळ, चर्चमंडळ्यांमधले मतभेद हे त्या दिवशी काढायचं नाही. दुसऱ्याच्या देवाला नावं ठेवणं तर कधीच नाही.

तारणासाठी काय करू, असं पौलाला विचारणाऱ्या फिलिप्पै शहरातल्या तुरुंगाधिकाऱ्याला आधी एकच वाक्य मिळालं, "प्रभू येशूवर विश्वास ठेव." पण त्याच रात्री त्याच्या घरच्या सगळ्यांना वचन सांगितलं गेलं, हेही वाचा. छोटं वाक्य पुरतं, पण त्याच्या मागे बसून बोलणारं माणूस लागतं. एकदाच बोलून पुढच्या गावाला पळू नका.

शुभवर्तमानाची, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्राची, प्रत देण्याआधी घरात कोण काय वाचतं ते विचारा. आजी-आजोबा मराठी वाचतात, नातवंडं कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात असतात. सुरुवातीला मार्कचं शुभवर्तमान बरं, सोळाच अध्याय आहेत.

कायद्याचंही भान ठेवा. संविधानाच्या 25व्या अनुच्छेदाने धर्मप्रसाराचा हक्क दिला आहे, सार्वजनिक सुव्यवस्थेच्या अधीन राहून. कर्नाटकात 2022 साली धर्मांतरविरोधी कायदा झाला. 2023 साली मंत्रिमंडळाने तो रद्द करायचं ठरवलं. त्याचं पुढे काहीही होवो, फी, औषध, धान्य यांची मदत सुवार्तेला जोडायची नाही. अशाने ऐकणारा मोकळेपणी नाही म्हणू शकत नाही.

कुणी बाप्तिस्मा मागितला तर घाई करू नका, चर्चच्या पाळकांकडे न्या, शिकू द्या. मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजी 1831 साली बेळगावातच जन्मले, इथल्या मिशनच्या शाळेत शिकले, आणि त्यांचा बाप्तिस्मा झाला 1854 साली, तोही बेळगावातच. मधली वर्षं वाचण्यात, वाद घालण्यात, विचार करण्यात गेली. तुमच्यासमोर बसलेल्यालाही तेवढा वेळ लागला तर लागू द्या.