ओपन स्पेस बैठका घेणाऱ्यांचा गट बांधताय? या चुका टाळा

ओपन स्पेस पद्धतीने, म्हणजे विषयपत्रिका आधी न ठरवता, एखादी बैठक छान जमली की ती घेणाऱ्याला वाटू लागतं, आपल्यासारखं काम करणारे आणखी चारजण शोधावेत, महिन्यातून एकदा भेटावं, एकमेकांकडून शिकावं. विचार चांगलाच आहे. तरी असे गट बघता बघता थंड पडतात. कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. दुसऱ्यांच्या बैठकीत आपण ज्या गोष्टी होऊ देत नाही, त्या सगळ्या आपल्या गटात खुशाल चालू असतात.

पद्धत फक्त ऐकून माहीत असलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेतले हॅरिसन ओवेन यांनी १९८३ साली एक मोठी परिषद भरवली. तयारीत वर्ष गेलं, आणि शेवटी सगळ्यांचं मत पडलं की खरी मजा चहाच्या सुट्ट्यांत आली. मग १९८५ साली कॅलिफोर्नियातल्या माँटेरे इथे त्यांनी विषयपत्रिका न ठरवताच लोकांना बोलावलं. मंडळी गोल करून बसली. ज्याला ज्या विषयाची कळकळ, त्याने तो कागदावर लिहिला, सगळ्यांसमोर वाचला आणि जागा-वेळ टाकून भिंतीवर लावला. परिषदेचा कार्यक्रम तिथल्या तिथे उभा राहिला. गोल करून बसायची आणि गावबाजारात फिरावं तसं भिंतीवरचे विषय निवडायची ही कल्पना ओवेन यांना पश्चिम आफ्रिकेतून मिळाली होती. लायबेरियातल्या बालामा नावाच्या गावातला मुलांच्या वयात येण्याचा सोहळा त्यांनी पाहिला होता. आपल्याकडेही हे पाऊल लवकर पडलं. सुरुवातीच्या काही वर्षांतच गोव्यात या पद्धतीने परिषद झाली, आणि ओपन स्पेस घेणाऱ्यांचा वार्षिक जागतिक मेळावा २००४ साली गोव्यातच भरला.

नियम मोजकेच आहेत. जे आले तेच योग्य लोक. जे घडलं तेच घडण्यासारखं होतं. सुरू होईल तीच वेळ. संपलं की संपलं. आणि यांच्या जोडीला दोन पायांचा नियम: जिथे तुम्ही काही शिकत नाही किंवा देत नाही, तिथून उठा आणि दुसरीकडे जा.

बैठक न घेणाऱ्यांचा गट

पहिली चूक गट जमवतानाच होते. विषयाची आवड असलेले सगळे आत येतात आणि प्रत्यक्षात बैठक घेणारे दोघंच निघतात. मग गप्पा पुस्तकी होतात: सहभाग म्हणजे काय, सत्ता म्हणजे काय. ऐकायला बरं वाटतं. पण ज्याला पुढच्या आठवड्यात साठ पालकांसमोर उभं राहायचं आहे, तो तिसऱ्या भेटीनंतर येत नाही.

उपाय सोपा आहे. दर भेटीत निदान एकाने तरी खरी, तारीख ठरलेली बैठक आणायची. शाळा व्यवस्थापन समितीचं उदाहरण घ्या. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक असावे लागतात, आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. तरीही अनेक ठिकाणी मुख्याध्यापक वाचतात आणि पालक सह्या करतात. ‘शाळेतून मुलं गळू नयेत म्हणून आपण काय करू शकतो’ या प्रश्नावर पालकांची खुली बैठक घ्यायची झाली तर निमंत्रण कसं लिहायचं, रोजंदारीवर जाणाऱ्या आयांसाठी वेळ कोणती ठेवायची, हॉल नसेल तर व्हरांडा चालेल का, हे सगळं गटाने त्या माणसाबरोबर बसून ठरवावं. बैठक झाली की पुढच्या भेटीत त्याने काय झालं ते सांगावं. गटाचा निम्मा अभ्यासक्रम यातूनच तयार होतो.

याच्या उलट एक घोटाळा होतो, तोही सांगून टाकतो. उत्साहात लोक कायदेशीर सभाच ओपन स्पेसने घ्यायला निघतात. गृहनिर्माण सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत, नोटीस काढून, ठरलेल्या विषयांवर घ्यावी लागते. तिथे भिंतीवर चिठ्ठ्या लावून भागत नाही. पुनर्विकासासारख्या कळीच्या प्रश्नावर खुली बैठक आधी वेगळी घ्या. तिथे सगळे मनातलं बोलतील, आणि ठराव रीतसर सभेत होतील.

आपल्याच भेटीला विषयपत्रिका

ही चूक इतकी सर्रास होते की आता तिचं हसूही येत नाही. गटाचा पहिला ‘मोठा’ मेळावा ठरतो. दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, बीजभाषण, जेवण. आणि दुपारी तीननंतर, निम्मी माणसं गाडी पकडायला निघालेली असताना, ‘आता आपण थोडा वेळ ओपन स्पेस करू’.

जो गट स्वतःची भेट या पद्धतीने घ्यायला धजत नाही, त्याच्याकडून ती दुसऱ्या कोणी का शिकावी? भेटीची सुरुवात गोलातूनच व्हावी. मंच नको, माइकवाला अध्यक्ष नको. सत्कार करायचाच असेल तर जेवताना करा. खुर्च्या गोल मांडायला अर्धा तास आधी दोघं यावेत. हॉलचा माणूस त्या पुन्हा ओळीत लावून ठेवतो, सवयीने.

गट सुरू करणाऱ्या माणसाची अडचण वेगळी असते. त्याला वाटतं, मी सोडलं तर गट बुडेल. म्हणून दर वेळी गोल तोच उघडतो आणि तोच बंद करतो. बाकीचे त्याचं कौतुक करत बसून राहतात. ओवेन फॅसिलिटेटरला, म्हणजे बैठक घेणाऱ्याला, एक सल्ला देत: करायची आणखी एक गोष्ट शोधा आणि ती करू नका. गट बांधणाऱ्यालाही तो तितकाच लागू आहे. दुसऱ्या भेटीपासूनच गोल दुसऱ्याने उघडावा. तो अडखळला तर अडखळू द्यावा.

प्रमाणपत्राचा मोह

गटात पंधरा-वीस माणसं झाली की कोणीतरी सुचवतंच: आपण कोर्स काढू, पातळ्या ठरवू, प्रमाणपत्र देऊ. ओवेन यांनी ही पद्धत स्वतःच्या नावावर बांधून ठेवली नाही, परवाना काढला नाही. ज्याला करावीशी वाटेल त्याने करावी, आणि शिकलेलं इतरांना सांगावं, एवढंच. २०२४ साली ते गेले. पद्धत मात्र जगभर पसरलेली आहे, त्यात या मोकळेपणाचा वाटा मोठा असणार.

पण प्रमाणपत्र नको म्हणजे शिकवणं नको असं नाही. नव्या माणसाला जुन्याच्या जोडीला द्या. एका बैठकीत त्याने फक्त खुर्च्या, कागद, पेनं सांभाळावीत आणि पाहावं. दुसऱ्या बैठकीत गोल त्याने उघडावा, जुन्याने मागे बसावं. संध्याकाळी दोघांनी चहा घेत बोलावं. यात जे शिकून होतं ते वर्गात होत नाही.

दोन पाय आहेत, पण उठायचं कोणी?

माझ्या मते आपल्याकडच्या गटांनी सगळ्यात जास्त वेळ या प्रश्नाला द्यावा, कारण तयार उत्तर कोणाकडेच नाही. दोन पायांचा नियम कागदावर निर्मळ दिसतो. आपल्या बैठकीत मात्र सरपंच बोलत असताना, सासूबाई बसलेल्या असताना, कार्यालयात साहेब हजर असताना उठून जाणं म्हणजे अपमान. लोक बसून राहतात, माना डोलवतात आणि मनाने कधीच निघून गेलेले असतात. फॅसिलिटेटरने नियम कितीही वेळा वाचून दाखवला तरी फरक पडत नाही.

थोडाफार फरक पडतो तो मानाच्या माणसाकडून. बैठकीच्या आधी त्यांना भेटून सांगायचं: अण्णा, सुरुवातीला तुम्हीच म्हणा, माझ्या गटातून कोणी उठून गेलं तर मला राग येणार नाही. आणि जमलं तर स्वतःच पहिले उठा. हे ते मनापासून करतील याची खात्री नाही. पण एकदा अण्णा खरंच उठून दुसऱ्या गोलात जाऊन बसले, की बाकीच्यांचे पाय हलतात.

याहून अवघड प्रश्न आहे तो येतच नाहीत किंवा आले तरी बोलत नाहीत त्यांचा. ‘जे आले तेच योग्य लोक’ हे तत्त्व इथे फार सोयीचं पडतं. वस्तीतल्या बाया आल्या नाहीत? दलित वाड्यातून कोणी नाही? असू द्या, जे आले ते योग्य! असं म्हणणाऱ्या फॅसिलिटेटरला गटाने तिथेच अडवावं. हे तत्त्व बैठक सुरू झाल्यावर लागू होतं. निमंत्रण कोणाच्या दारापर्यंत गेलं हा त्याआधीचा प्रश्न आहे. गोल केला म्हणून जात आणि बाईपण बाहेर राहत नाही. महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यात ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आहे, ती याच अनुभवातून आली. खुल्या बैठकीआधीही बायकांची वेगळी बैठक घेता येते. मग भिंतीवर विषय लावायला उठताना प्रत्येकीला माहीत असतं की मागे आणखी दहाजणी आहेत.

‘जे घडलं तेच घडण्यासारखं होतं’ याचाही असाच गैरवापर होतो. निमंत्रण घाईत लिहिलं, प्रश्न गुळमुळीत ठेवला, पाण्याची सोय नव्हती, आणि बैठक पडल्यावर तत्त्व पुढे केलं. तत्त्व पश्चात्तापात अडकू नये म्हणून आहे, तयारी टाळण्यासाठी नाही. ओपन स्पेसमध्ये फॅसिलिटेटरचं काम कमी दिसतं ते दिवसभर. त्याआधी ते भरपूर असतं.

भिंत रिकामी राहते तेव्हा

गोल उघडला, विषय मागितले आणि कोणीच उठत नाही. नव्या फॅसिलिटेटरचा घसा कोरडा पडतो. मग तो उदाहरणं देऊ लागतो, नाहीतर आधीच पेरून ठेवलेल्या दोघातिघांकडे पाहतो. पेरलेले विषय लोकांना लगेच ओळखू येतात, आणि उरलेला दिवस ते पाहुण्यांसारखे बसतात.

थांबा. शांतता वाटते तेवढी लांब नसते. गटाने याचा सराव करावा: गोलात बसा, एकाने विषय मागावेत आणि बाकीच्यांनी मुद्दाम गप्प राहावं. कोणाला केव्हा बोलावंसं वाटलं, ते नंतर सांगा.

खूप थांबूनही भिंत रिकामीच राहिली तर तीन गोष्टी तपासा. प्रश्न लोकांचा आहे की संस्थेचा? निर्णय आधीच झालेला आहे आणि ही बैठक फक्त दाखवायला आहे, अशी शंका लोकांना आहे का? असेल आणि ती खरी असेल, तर बैठक घ्यायलाच नको होती. पुढच्या वेळी बोलावणाऱ्याला नाही म्हणा. तिसरी गोष्ट साधी आहे, म्हणूनच सुटते: लिहिता न येणारे किती आहेत? त्यांच्यासाठी शेजारी लिहून देणारा बसवा. त्याने शब्द त्यांचेच ठेवावेत. ‘नळाला चार दिवस पाणी नाही’ याचं ‘पाणीपुरवठा व्यवस्थापन’ करू नये.

अभ्यास आणि निर्णय एकाच गोलात

गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा आपल्याला सामूहिक वनहक्कामुळे माहीत आहे. २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा हक्क या गोंड गावाला मिळाला. त्यामागची बैठकीची रीत मात्र कमी लोक बघतात. तिथे अभ्यासगट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात ज्याला रस तो येतो, बाहेरचा माणूसही बसू शकतो, हवं तितकं बोलणं होतं, पण निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभेत, सर्वसहमतीने. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांचं नाव या कामाशी जोडलेलं आहे.

आपल्या गटांत हे दोन्ही एकत्र कालवलं जातं. रंगलेल्या चर्चेत कोणीतरी म्हणतं, चला ठरवूनच टाकू, पुढचा मेळावा नाशिकला. उत्साही चौघं हो म्हणतात. जे त्या गोलात नव्हते त्यांना परस्पर कळतं, आणि नाराजी सुरू होते. शिकण्याच्या भेटी मोकळ्या ठेवा. पैसे, नाव, मेळावा यांचे निर्णय वेगळ्या बसणुकीत, आधी कळवून, सगळ्यांना विचारून घ्या.

पैशाबद्दल गप्प राहणं

पुण्यामुंबईच्या गटात आयटी कंपन्यांत ॲजाइलचं (छोट्या टप्प्यांत सॉफ्टवेअर बनवण्याच्या पद्धतीचं) काम करणारे असतात आणि संस्थांतले कार्यकर्तेही असतात. एकाचं एका दिवसाचं मानधन दुसऱ्याच्या महिन्याच्या पगाराइतकं असू शकतं. त्यावर कोणी बोलत नाही. मग गटातून आलेलं काम कोणी परस्पर घेतलं, कोणाचं निमंत्रणपत्र कोणी आपल्या नावाने वापरलं, यावरून कुजबुज होते. बहुतेक गट पद्धतीवरच्या मतभेदाने फुटत नाहीत, या कुजबुजीने फुटतात.

बोला. गटाकडे आलेली विचारणा सगळ्यांना दिसावी. कोण किती घेतो ते निदान गोलात सांगता यावं. फुकट काम कोणासाठी करायचं आणि कोणासाठी नाही, हेही ठरवावं. हॉलचा खर्च टोपीत पैसे टाकून निघत असेल तर प्रायोजक आणू नका. प्रायोजक आला की त्याचा फलक येतो आणि फलकामागून त्याचं भाषण.

राहता राहिला शुद्धतेचा वाद: वर्ल्ड कॅफे (टेबलं बदलत चर्चा करायची दुसरी पद्धत) मिसळलं तर ते ओपन स्पेस राहतं का वगैरे. एका संध्याकाळी मनसोक्त भांडून घ्या आणि पुढे जा.

माणसं कमी होऊ लागली तर लगेच आठवणीचे संदेश धाडू नका. तिघं आले तर तिघांत काम करा. एखाद्याची येणारी बैठक तिघांत जास्त नीट तपासून होते. पण लागोपाठ काही भेटींत कोणाकडेच बैठक नसेल, विषयही नसेल, तर गोलात सरळ विचारा की हा गट चालू ठेवायचा का. नको ठरलं तर उरलेले पैसे आणि मार्कर एखाद्या शाळेला द्या, जमवलेली निमंत्रणपत्रं आणि टिपणं मागेल त्याला मिळतील अशी ठेवा, आणि गट बंद झाल्याचं सगळ्यांना कळवा.